डावा कौल

मासळीबाजारात बांगड्यांच्या टोपलीमागे बसलेली शेवंती कशाला तरी हसली, मान मागे टाकून, पोटातून, आणि लीला तिच्या तोंडात बघत राहिली. हिरड्यांवर मशेरीचा काळा थर होता, दातांच्या फटींतही काळं होतं, त्याच्या वर ओली लाल टाळू, आणि टाळूचा मागचा भाग सावलीत. तो भाग नीट दिसावा म्हणून लीला छत्री मिटून वाकली आणि म्हणाली, "तोंड उघड बघू. आणखी जरा. उजेडाकडे कर." आवाज तिचा नव्हता. गोव्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंचा होता, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. शेवंतीने तोंड मिटलं. "काय गो बाई," ती म्हणाली, "बैल घेवचो आसा काय? दात मोजतंस ता?" शेजारच्या बायका हसल्या आणि एकदम सगळी तोंडं उघडली, एकापुढे एक, लाल आणि काळी. लीला सरळ उभी राहिली. कुणीतरी हलक्या आवाजात सांगितलं की गप ऱ्हवा गो, बापूस गेलो तिचो. मग शेवंतीने न सांगता एक बांगडा जास्तीचा घातला.

मासे खरं तर मांजरीसाठी होते. काल रात्री जेवताना अक्का मांजरीला म्हणाली होती, "मने, मी गेल्यार तुका मासळी कोण घालतला? उद्याचो एक दीस खावन घे." हे लीलासाठी होतं. गेले दोन महिने अक्का लीलाशी बोलत नव्हती. जे सांगायचं ते मनीला सांगायची. मने, भात चुलीर आसा. मने, दूधवालो इलो. मनी अंग चाटत बसे आणि लीला उठून दूध घेई. अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, रुक्मिणी. नवरा लवकर गेला तेव्हा ती जामसंड्याला भावाकडे आली, आणि लीलाची आई गेल्यावर लीलाला तिनेच वाढवलं. आज दुपारच्या गाडीने ती सासरच्या गावी जाणार होती. तिथे तिच्या दिराचा मुलगा दत्ताराम होता, त्याची शेती होती, काजू होते, आणि म्हाताऱ्या काकीला एक खोली देणं त्याला जड नव्हतं. किती दिवसांसाठी जाते हे तिने मनीलाही सांगितलं नव्हतं. पण ट्रंक रिकामी करून तिने उन्हात ठेवली होती, आणि चार दिवसांसाठी जाणारं माणूस ट्रंक उन्हात ठेवत नाही.

चढ चढताना लीला मोजून श्वास घेत होती. भाद्रपद संपत आला होता, ऊन पांढरं होतं, कुंपणाच्या चिऱ्यांवरचं शेवाळ वाळून तपकिरी पडलं होतं. हल्ली तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, तोंडाच्या आतलं राहायचं. शाळेत शिकवताना मुली कविता म्हणायच्या आणि ती ओळींऐवजी टाळवा बघायची. एसटीचा कंडक्टर जांभई द्यायचा आणि ती नजर चुकवायची, उघड्या न्हाणीसमोरून जाताना चुकवावी तशी. दुःख म्हणतात ते हेच असावं असं तिला वाटत नव्हतं. दुःखाविषयी तिने पुष्कळ वाचलं होतं. पुस्तकांतली माणसं खिडकीशी उभी राहत, त्यांना काहीतरी उमगे. तिला काही उमगलं नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग अर्धा चेहरा आपलाच असून आपला नसतो, चहा ओघळला तरी कळत नाही, तसं तिचं झालं होतं. ओघळणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. तिला त्या फक्त दिसत.

सुरुवात नाकापासून झाली होती. बाबांच्या नाकाचा जिल्हाभर लौकिक होता. ते दारूबंदी खात्यात होते आणि नोकरीची बरीच वर्षं इन्सुलीच्या नाक्यावर गेली. गोव्याकडून येणाऱ्या ट्रकाभोवती ते एक फेरी मारत, हात मागे बांधून, फुलबागेत हिंडावं तसे, आणि एखाद्या जागी थांबून म्हणत, हंय खोला. बर्फातल्या सुरमईखाली, नारळाच्या काथ्यात, एकदा तर शेणखताच्या ढिगात बाटल्या निघाल्या होत्या. निवृत्त झाल्यावर जामसंड्याच्या ओटीवर बसून ते वासावरून सांगत की शेजारी आज सोलकढीत लसूण जास्त झाला. "ह्या नाकान सरकाराचो पगार खाल्लो," असं म्हणून ते नाकपुडी फुगवून दाखवत आणि अक्का म्हणे, नाकान खाल्लंस म्हणानच अंगाक लागलो नाय.

आषाढात एका सकाळी अक्का तव्यावर तंबाखू भाजत होती. त्या घरात मशेरी आठवड्याला भाजली जाई. अक्का लावायची, बाबा लावायचे, लीला मात्र लावत नसे. धूर एवढा की लीला खोकत मागच्या दारी गेली. बाबा चुलीपासून चार हातांवर बसले होते. ते म्हणाले, "अक्का, आज मशेरी भाजूक नाय काय गो?" अक्काला वाटलं ते चिडवतायत. लीलालाही तसंच वाटलं. त्या सकाळी तिघंही हसली, आणि आता लीलाला त्या हसण्यातली तोंडं आठवतात.

मग गाल सुजला. गावातल्या डॉक्टरांनी दाढ धरली, गोळ्या दिल्या. बाबांना साखर होती. तिच्या गोळ्या ते मनाला येईल तेव्हा घेत आणि त्या दिवसांत ताप, जेवण नाही, म्हणून मुळीच घेत नव्हते. एका दुपारी दाढ दुखते म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि लीलाने बॅटरी मारली. टाळूवर, उजव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढं काळं होतं. तिने ते पाहिलं. हे तिला नंतर पुन्हापुन्हा तपासावं लागलं: पाहिलं का? तर पाहिलं, स्वच्छ पाहिलं, कडेचा करडा पट्टासुद्धा पाहिला. आणि ती म्हणाली, "बाबा, चूळ नीट भरत जा. मशेरी किती साठलीय." बाबांनी मुकाट्याने चूळ भरली, तिच्यासमोर, शाळेतल्या मुलासारखी, आणि पुन्हा तोंड उघडून दाखवलं. काळं तिथेच होतं. अक्काने बोटाला फडकं गुंडाळून घासलं. बाबा म्हणाले, लागत नाही, काहीच लागत नाही तिथे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं आणि मशेरी सोडा म्हणाले, आणि स्वतःचे काळे दात दाखवून हसले, की सांगतोय कोण बघा. ज्या मुलखात प्रत्येक तोंड काळं, तिथे एका काळ्या ठिपक्याला वेगळं कोण काढणार! गोव्याच्या डॉक्टरीणबाई पुढे हेच म्हणाल्या, दोष न देता, आणि त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं असं लीलाला तेव्हा वाटलं.

उजवी पापणी खाली आली आणि बाबांना एकीच्या दोन लीला दिसायला लागल्या तेव्हा टॅक्सी केली. जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण असल्या दुखण्याला अजून गोवाच गाठावा लागे. पाऊस काच धुऊन काढत होता. इन्सुलीला नाक्यावर दांडा आडवा होता आणि पोंचो घातलेला परशुराम पुढे आला. बाबांच्या हाताखाली तो शिपाई होता. त्याने ओळखलं, काचेवर वाकला, म्हणाला, साहेब, आता तुमचीच गाडी तपासूची पाळी इली. बाबांनी काच खाली केली. "तपास," ते म्हणाले, "काय गावाचा नाय." परशुरामने हसत डोकं आत घातलं, आणि मग त्याने ते बाहेर घेतलं. गाडीत वास होता. गोड, सडका, फणस बुडाशी कुजायला लागल्यावर येतो तसला. लीलाला तो घरापासून येत होता, अक्काला येत होता, ड्रायव्हरने त्यासाठीच पावसात त्याच्या बाजूची काच उघडी ठेवली होती. फक्त बाबांना येत नव्हता. परशुरामने दांडा वर केला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत सलाम ठोकून उभा राहिला. बाबा म्हणाले, "बरो माणूस. पण नाक नाय तेका."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी टाळूवरचं काळं चिमट्याने उचललं. बाबा दचकले नाहीत. ते मांस मेलेलं होतं. त्यातला कण काचेवर ठेवून त्यावर त्यांनी औषधाचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबल्या, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि लीलाला बोलावून म्हणाल्या, बघा. तुम्ही शिकवता ना, बघून घ्या. लीलाने डोळा लावला. रुंद फिती होत्या, कुठे पेर नाही की सांधा नाही, काटकोनात फांद्या फुटलेल्या, पाण्यातल्या गवतासारख्या शांत. त्या सुंदर होत्या. हे ती अजून कुणाला बोललेली नाही. ही बुरशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिळ्या पावावर असते, पाचोळ्यात असते, तुमच्या आमच्या श्वासातून रोज आत जाते आणि काही करत नाही. साखर फार वाढली, रक्त आंबट झालं, की तिला जागा मिळते. मग ती नाकातून टाळूत, गालाच्या पोकळीत, डोळ्याच्या मागे जाते, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते, आणि जिथे रक्त पोचत नाही ते काळं पडतं. त्याच्यापुढे मेंदू. त्या हळू आणि स्पष्ट बोलत होत्या, मराठीत कोकणी हेल होता. लीलाने सगळं समजून घेतलं. समजून घेणं तिला नेहमीच जमत आलं होतं.

औषध मुंबईहून बर्फाच्या थर्मासमध्ये आलं. पिवळी पूड होती. ती मिठाच्या पाण्यात नासते, म्हणून साखरेच्याच पाण्यातून द्यायची. साखरेने हा दिवस आणलेल्या माणसाला साखरेचं पाणी, आणि त्याच्यावर उतारा म्हणून इन्सुलिन. उजेडही तिला सोसत नाही असं सिस्टर म्हणाली आणि क्ष-किरणांच्या फिल्मवरचा काळा कागद आणून तिने बाटलीला गुंडाळला. सकाळपासून दुपार कलेपर्यंत थेंब थेंब. तासाभरात कापरं भरे. दात वाजत, लोखंडी खाट वाजे, लीला आणि अक्का दोन बाजूंनी दाबून धरत. बाबा त्या कापऱ्यातच म्हणत की लाल गाडी फोंड्याच्या घाटात चढताना अशीच वाजते. मग ताप, मग घाम, मग झोप. दर दिवसाआड रक्त नेत. औषध बुरशीला मारतं तसं मूत्रपिंडांनाही मारतं. त्या दोघांपैकी कोण आधी हरतं एवढंच बघायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, पण त्यांचा कागद वाचतानाचा चेहरा लीलाला वाचता यायला लागला होता.

मग एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं की औषध एकट्याने पुरणार नाही. मेलेलं सगळं कापून काढावं लागेल: टाळूचा भाग, गालाचं हाड, आणि उजवा डोळा. तो डोळा आता बघत नव्हता, हलतही नव्हता. तो राहिला तर त्याच्या मागच्या वाटेने ती वर जाईल. काढला तर वाचतील असं नाही, पण नाही काढला तर वाचणार नाहीत. लवकर ठरवा.

अक्का दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गावी गेली. ठरवायचं कसं हे तिला ठाऊक होतं. त्या घराचं सगळं तसंच ठरत आलं होतं. मूळ गावच्या देवळात धोंडू गुरव पाषाणाला पाणी घालतो, ओल्या पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची ते असं ठरलं होतं. बाबांनी मुंबईची बदली घ्यायची की नाही ते असं ठरलं होतं. लीला पंचवीस वर्षांची असताना सावंतवाडीचा एक प्राध्यापक तिला बघून गेला, पुस्तकांवर दोघं बराच वेळ बोलली, जाताना त्याने तिला एक पुस्तक परत करण्याच्या बोलीवर दिलं. तेव्हा कौल डावा पडला आणि बाबांनी स्थळ नाकारलं. बाबा तेव्हा म्हणाले होते, माझ्या मनात असून काय उपयोग, त्याच्या मनात नाही. पुस्तक त्यांनी स्वतः पोस्टाने परत पाठवलं. लीलाने वाद घातला नव्हता. वाद कुणाशी घालायचा असतो हे तेव्हाही तिला नीट कळलं नव्हतं.

अक्का परत आली ती अंगारा घेऊन. बाबांच्या कपाळाला तिने तो लावला आणि सांगितलं की कौल डावो दिल्यान, दोनदा लावलो, दोनदा डावो. डोळो काढूचो नाय. अपुऱ्या आंगान माणूस न्हेवक देव राजी नाय. बाबा डाव्या डोळ्याने छताकडे बघत होते. लीला खिडकीशी उभी होती. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं याचं वाक्य ती मनात जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं.

सकाळी अक्का अंघोळीला खाली गेली तेव्हा बाबांनी लीलाला खूण करून जवळ बोलावलं. टाळू कुजल्यामुळे त्यांचं बोलणं नाकातून यायचं, कान जवळ न्यावा लागे. तो वास तिला एव्हाना वास वाटत नव्हता.

"काढूक सांग," ते म्हणाले.

"काय?"

"डोळो. काढा म्हणान सांग. माका जगाचा आसा."

लीलाने कौलाचं विचारलं नाही. त्यांनीच हात हलवला, माशी वारावी तसा. मग म्हणाले, "पण सही तू कर. अक्काक सांग, तू केलंस. ती माका इचारूची नाय असा कर."

"बाबा, ती माझ्यावर..."

"तुझ्यावरचो राग दोन दिसात जायत. तू शिकलेली, तुका कळना नाय असा म्हणात." ते थांबले, श्वास घेतला. "माका बरो झाल्यार तिच्याच हातचा जेवचा आसा गो."

थोडं हसल्यासारखं त्यांनी केलं. सुजलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर ते हसू चढलंच नाही. लीलाने सही केली. वळणदार, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट. थिएटर मोकळं होतं, बाबांना लगेच आत नेलं. थिएटरचं दार बंद झालं तेव्हा अक्का ओले केस सोडून धावत आली आणि तिने विचारलं, "कोणी सांगल्यान?" लीला म्हणाली, "मी." अक्काने तिच्याकडे पाहिलं, तोंड किंचित उघडं ठेवून. मग गाठोडं उचललं आणि ती बसस्टँडचा रस्ता विचारत निघून गेली. लीला तिच्या पाठमोऱ्या केसांतून पडणारं पाणी बघत राहिली. फरशीवर ते दारापर्यंत गेलं होतं.

त्यानंतर बाबा काही दिवस जगले. काढलेलं सगळं बाटलीत घालून तपासायला गेलं; डोळ्याच्या मागेही त्या फिती सापडल्या, आणि त्याच्याही मागे. डोळ्याच्या जागी पट्टी, नळीने पेज. लघवी कमी होत गेली तेव्हा काळा कागद गुंडाळलेली बाटली उतरवली. थांबवलं तर बुरशी, चालू ठेवलं तर मूत्रपिंडं. डॉक्टरीणबाई पलंगाशी बराच वेळ बसल्या. पुन्हा चालू केलं, पुन्हा थांबवलं. श्रावणातल्या एका दुपारी, पाऊस उघडलेला असताना, त्यांचा श्वास लांब लांब होत गेला आणि पुढचा आला नाही. लीलाने पुढच्याची वाट पाहिली. तिला वाटतं, ती अजून तेच करतेय.

घरी आणल्यावर अक्काने त्यांना आंघोळ घातली. पट्टीला तिने हात लावला नाही. लीलाशी बोलली नाही. आणि लीलानेही काही सांगितलं नाही. आधी सांगण्यासारखी वेळ नव्हती, मग सांगितलं तर मेलेल्या माणसाची चहाडी केल्यासारखं झालं असतं. त्यांनी मागितलेली शेवटची गोष्ट तेवढीच होती. त्यांना वाटलं होतं दोन दिवस. दोन महिने झाले. ती गोष्ट तिच्यापाशी राहिली, आणि तिच्यामुळे आता दुपारच्या गाडीने अक्का जाणार होती, आणि घरात लीला राहणार होती आणि मांजर.

तिने बांगडे मागच्या दारी ठेवले. अक्काने ते साफ केले, मनीला डोकी घातली, उरलेल्यांचं तिखलं केलं. स्वतः ती मासे खात नसे, नवरा गेल्यापासून. लीला जेवली. तिखल्यात तिरफळं होती एवढं तिला कळलं. अक्काने मनीला सांगितलं की विहिरीचा रहाट कुरकुरतो, तेल घालायला हवं, आणि लोणच्याच्या बरणीवरचं फडकं दर आठवड्याला बदलायचं, नाहीतर पांढरी येते. पांढरी म्हणजे बुरशी. अक्का तो शब्द म्हणत असताना लीलाने वर पाहिलं नाही.

ट्रंक लीलाने उचलली. अक्का नको म्हणाली नाही, कारण नको म्हणायला मनी जवळ नव्हती. तिठ्यापर्यंत दोघी एकामागे एक चालल्या, अक्का पुढे, पिशवी खांद्याला, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पाय अजून ताठ. तिठ्यावरच्या वडाखाली कुणी नव्हतं. गाडीला वेळ होता. ट्रंक खाली ठेवून लीला उभी राहिली. ती बोलणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

"अक्का, डोळा काढायला बाबांनी सांगितलं होतं. मी नाही."

अक्का रस्त्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "माका ठावक आसा."

हे ती लीलाला म्हणाली. मधे कुणी नव्हतं.

"तू एकटीन सही करणारी न्हय. लग्नाच्या वक्ताक तोंड उघडूक नाय, ती आता उघडतलंस? थंयच कळला माका. दाराशीच."

"मग मला का..."

"तो आडवो पडल्लो," अक्का म्हणाली. "आडव्या पडलेल्या माणसाचो राग करूक येता काय गो? तू उभी होतंस."

एक ट्रक गेला, धूळ उडाली, खाली बसली. अक्काने पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, आणि तिच्या आवाजावरून लीलाच्या लक्षात आलं की दोन महिने मांजरीला जे जे सांगितलं त्याच्या खाली हा एवढाच प्रश्न होता:

"मी गेल्यार माका इचारल्यान काय कधी?"

"रोज."

"तू काय सांगलंस?"

"सांगितलं, गाय व्यायलीय, म्हणून घरी गेलीय."

अक्का वळली. "आमच्याकडे गाय खंय आसा?"

"बाबा पण तेच म्हणाले. म्हणाले, आमची गाय मेली त्याला किती वर्षं झाली, ती कशी व्यायली?"

अक्काच्या घशातून एक आवाज आला. हसण्यासारखा होता, तिने हात तोंडावर दाबला, खांदे हलले, आणि हात काढला तेव्हा ती हसत नव्हती. "म्हणजे तेका ठावक होता," ती म्हणाली, "मी रागान गेलंय ता." लीलाने मान डोलावली. तिला खोटं बोलता आलं असतं. पण गायीनंतर आणखी एक खोटं तिच्यात उरलं नव्हतं.

"आणि तरी तुका सांगूक सांगल्यान नाय, की बोलव तिका."

"नाही."

"जेवचा मात्र होता माझ्या हातचा," अक्का म्हणाली. हे लीलाने तिला कधी सांगितलं नव्हतं.

गाडी आली. अक्का ट्रंकेसह चढली, खिडकीशी बसली, कंडक्टरने दार आपटलं. खिडकीतून तिने लीलाकडे नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बाजारात उभं राहून पाहावं तसं, आणि म्हणाली, "बारीक झालंस गो. दिवाळेक इलंय तर इलंय. वाट बघू नको." मग घंटी झाली.

धूळ बसेपर्यंत लीला तिठ्यावर उभी होती. तिला बाबा दिसले, इन्सुलीच्या नाक्यावर हात मागे बांधून ट्रकाभोवती फिरणारे, मग खाटेवर, एका डोळ्याने छताकडे बघणारे, माझ्यासाठी सही कर म्हणणारे. तिच्या लग्नाच्या वेळी, त्याच्या मनात नाही, असं म्हणणारे, आणि स्वतःच्या डोळ्याच्या वेळी तोच कौल माशीसारखा वारणारे. आता ते आडवे नव्हते. आता ते कसेच नव्हते. तिला राग आला. फार मोठा नाही. एवढासा, कोमट, बरगडीखाली कुठेतरी डावीकडे. दोन महिन्यांत तिला स्वतःचं असं काही जाणवलं होतं ते हे पहिलंच. वाटेत कुणी भेटलं तर तो जाईल, बोललं तर जाईल, घाई केली तर जाईल असं तिला वाटलं, आणि भरलेली कळशी काखेला असावी तशी ती घराकडे हळूहळू, पाऊल सांभाळत चालू लागली.